बेटावर राहिलेली मुलगी

अध्यक्षांनी लाल पेन्सिल घेतली, जीभ दातांत धरली आणि झेरॉक्सच्या चार पानांवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकेक तिरकी रेघ मारली. मग डॉक्टर एक्स-रे धरतात तशी ती पानं उजेडात धरून सगळ्या सभेला दाखवली.

"ही जाणार," ते म्हणाले. "यांच्या जागी खरी येणार. आणि मगच पुस्तक छापायला जाणार."

तिसऱ्या रांगेत धाकटी खुर्चीच्या कडेला सरकली. शेजारी तिचे वडील, अण्णा, दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून बसले होते.

"काय म्हणतोय तो?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. छपाईचं चाललंय."

अण्णांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. धाकटी मुद्दामच उजवीकडे बसली होती, म्हणजे उत्तर अर्धवटच पोचतं.

रविवारची सकाळ होती आणि वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. खुर्च्या संपल्यावर माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली, कट्टे संपल्यावर भिंतींना टेकली. वाचनालय जुनं. वर्धापनदिनाच्या निमित्तानं समितीनं एक टूम काढली होती. लहानपणी वाचलेलं आणि अजून डोक्यातून न गेलेलं एक पुस्तक सभासदांनी सांगायचं. ज्याला जास्त हात वर, ते वाचनालय स्वतः नव्यानं छापणार. हात मोजायची वेळच आली नाही. 'बेटावरची घंटा' एवढं कुणीतरी म्हटलं आणि निम्मा हॉल उठून उभा राहिला.

गोष्ट तशी साधी. मनोऱ्यावरची घंटा चोरीला जाते, तीन मित्र होडी घेऊन चोराच्या मागे निघतात, एका बेटावर कोरड्या विहिरीत पडतात, बाहेर येतात, घंटा परत आणतात. पुस्तक बाजारात कुठेच मिळेना. लेखक वारलेले. त्यांची मुलगी लांबच्या शहरात राहायची. तिनं छपाईला परवानगी दिली, वर आपल्या घरातली प्रतही पाठवून दिली. आणि तिथेच पंचाईत झाली. वाचनालयातली जुनी आणि ही, दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर सारख्या निघाल्या, फक्त विहिरीची चार पानं वेगळी.

लेखकांच्या त्या कन्या आज स्टेजवर पाहुण्या म्हणून बसल्या होत्या. केस पिकायला लागलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारी चिटणीसाच्या खुर्चीत धाकटीचा थोरला भाऊ, दादा, स्वतःच्या नखांकडे असा बघत होता जणू सभेचा सगळा वृत्तांत तिथेच लिहिलाय.

कारण ती चार पानं कुणी लिहिली हे हॉलमध्ये तिघांनाच माहीत होतं. दादाला, अण्णांना आणि जिनं लिहिली तिला.

*

अण्णा बाइंडर. वाचनालयाची सगळी खिळखिळी पुस्तकं त्यांच्याकडे यायची. अण्णा पुस्तक उताणं टाकायचे, पाठीत सुरी घालायचे, कर्रकन् जुना दोरा कापायचे, आणि पुस्तकाचे फर्मे सुटे व्हायचे. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून झालेला सोळा पानांचा गठ्ठा. असे दहा-बारा गठ्ठे एकावर एक शिवले की पुस्तक.

घरात पोरं पाच. पुस्तक एक. पण फर्मे सुटे! मग काय, पाचही जण एकाच वेळी एकच पुस्तक वाचायचे. दादा पहिला फर्मा घेऊन खाटेवर पडायचा, त्याचा संपला की तो खालच्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, तिच्याकडून पुढच्याकडे. अण्णांची एकच अट होती. "मी दोरा ओवायच्या आत आटपा. एकदा दाभण चालायला लागलं की कुणाच्या बापाचं ऐकणार नाही." त्यावर दादा म्हणायचा, "आमच्या बापाचं तरी ऐकेल ना?" आणि पाठीत धपाटा खायचा.

धाकटी सगळ्यात शेवटची. तिच्यापर्यंत फर्मे यायचे ते ज्याला नको असेल ते, ज्याचे वाचून झाले असतील ते. आधी शेवट, मग सुरुवात, मग कुठलं तरी मधलं. खुनी कोण हे तिला मेलेला माणूस कोण हे कळायच्या आधी माहीत असायचं. बाकीचे चौघं हसायचे. ती रडली नाही असं नाही, पण रडून फर्मा लवकर मिळत नाही हे तिला फार लवकर कळलं. मग ती मधलं भरून काढायला शिकली. ओसरीच्या पायरीवर बसून, गुडघे पोटाशी घेऊन, जे अजून हातात आलेलं नाही ते ती स्वतःच घडवायची. खरा फर्मा आला की ताडून बघायची. कधीकधी तोंड वाकडं करायची. "माझं बरं होतं," म्हणायची.

'बेटावरची घंटा' आलं तेव्हा ती दोन वेण्या घालायच्या वयाची. पुढचे-मागचे सगळे फर्मे तिचे वाचून झाले होते, फक्त विहिरीचा राहिला होता. तो हातात आला आणि उघडून बघते तर मधोमधची चार पानं गायब. न शिवलेल्या फर्म्यातलं आतलं जोडपान असंच असतं, घरंगळतं.

घर पालथं घातलं. खाटेखाली, डब्यांमागे, आईच्या पदराखालीसुद्धा. शेवटी अण्णाच मटकन खाली बसले. सकाळी त्यांनी शाळेच्या हजेरीपटांचे पुठ्ठे केले होते. पुठ्ठ्यावर कापड चढवण्याआधी आत एक रद्दी कागद खळ लावून चिकटवायचा असतो. हात लांब केला, सापडला तो कागद ओढला, खळ फासली, दाबून बसवला. पन्नास सारख्या पुठ्ठ्यांतल्या कुठल्या तरी एकाच्या पोटात ती विहीर गेली होती, आणि हजेरीपट दुपारीच शाळेत पोचले होते.

"दादा, तू वाचला होतास ना हा फर्मा?" ताईनं विचारलं. "काय होतं त्यात?"

दादानं डोकं खाजवलं. "विहिरीत पडतात."

"आणि?"

"आणि बाहेर येतात."

"चार पानं फक्त बाहेर येतात?"

"मी भरभर वाचलं गं."

अण्णा पुस्तकाकडे बघत बसले होते. आयुष्यात त्यांनी एकही पान कमी असलेलं पुस्तक शिवलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते पाप होतं. वाचनालयाचं काम गेलं असतं ते वेगळंच, पण तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"मला माहीत आहे काय होतं ते," धाकटी म्हणाली.

"तू वाचलंच नाहीस!"

"नाही वाचलं. पण माहीत आहे."

आणि तिनं सांगितलं. तिघं मित्र विहिरीत. वरून एक मुलगी डोकावते. बेटावर एकटी राहणारी. मोठ्या कुटुंबातली सगळ्यात लहान. जाताना होडीत डोकी मोजली, ती मोजायची राहिली आणि होडी निघून गेली. पण ती रडत-बिडत नाही. बेट आता तिचं आहे. ती दोर घेऊन काठावर बसते, पाय आत सोडते आणि विचारते, पहिला कोण येणार? मोठा म्हणतो मी, मधला म्हणतो मी. ती दोर परत गुंडाळते. "मग कुणीच नाही. इथे शेवटचा आधी येतो." मोठा चिडतो, धमक्या देतो, मग गोड बोलतो, मग थकतो. शेवटी तोच खांदा देऊन सगळ्यात लहानग्याला दोरापर्यंत उचलतो. तिघं वर येतात. आमच्याबरोबर चल म्हणतात. ती म्हणते, "मी गेले तर बेटाकडे बघणार कोण?" आणि जायचा रस्ता दाखवते.

ताई सरकून धाकटीच्या जवळ आली. दादासुद्धा.

"बरोबर आहे," दादा सावकाश म्हणाला. "म्हणजे, असं नव्हतं. पण बरोबर आहे."

अण्णांनी तिला पाटीऐवजी कोरा कागद दिला. "लिही. पण एक लक्षात ठेव. मागचं पान अर्ध्या वाक्यात संपतंय, पुढचं अर्ध्या वाक्यात सुरू होतंय. दोन्हीकडं सांधा बसला पाहिजे. चार पानं म्हणजे चार. एक ओळ कमी नको, एक ओळ जास्त नको."

"आणि गोष्ट वेगळी आहे ती?" आईनं विचारलं.

"मजकूर माझं खातं नाही," अण्णा म्हणाले. "पानं पुरी पाहिजेत."

शेजारच्या छापखान्यातल्या कंपोझिटरनं फावल्या वेळात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि चार पानं छापून दिली. "शेवटचा आधी" तिथं आला तेव्हा तो एकटाच मोठ्यानं हसला म्हणे. कागद फारच पांढरा दिसत होता, म्हणून आईनं तो दोन दिवस पत्र्यावर उन्हात टाकला. अण्णांनी फर्मा जोडला, दाभण घेतलं, शिवलं. पुस्तक गेलं. कुणाला काही कळलं नाही.

कळलं नाही म्हणजे, सगळ्यांना आवडलं. पोरं वाचनालयात रांगा लावायला लागली. धाकटीनं त्यानंतर काहीच लिहिलं नाही, रजेचे अर्ज सोडून. मोठी होऊन ती शहर बसची कंडक्टर झाली. बसमध्ये कधीतरी मागच्या बाकावरची पोरं भांडताना ऐकू यायची, "ए, शेवटचा आधी!" तेव्हा ती तिकिटांच्या मशिनकडे बघत राहायची आणि तिचे कान लाल व्हायचे. एवढंच तिचं. हे कुणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मग खरी पानं कुठे गेली? आणि त्याचं उत्तर अण्णा होते.

*

"सर," भिंतीला टेकलेला नळवाला म्हणाला, "विहीर गेली तर राहिलं काय पुस्तकात? नुसती घंटा?"

हॉल हसला. अध्यक्षही हसले. ते निवृत्त हेडमास्तर होते, हसू दाबायची त्यांची जुनी सवय होती, पण माणूस वाईट नव्हता.

"विहीर जात नाहीये. खरी विहीर येतेय. ऐका." त्यांनी चष्मा सारखा केला आणि पाहुण्यांच्या प्रतीतून वाचायला सुरुवात केली. "विहिरीचा वरचा थर मुरमाचा होता. त्याखाली काळा पाषाण असून त्यास आडव्या भेगा होत्या. थोरल्याने चाकू काढून भेगांमध्ये खाचा पाडण्यास आरंभ केला..."

खाचा पाडणं बराच वेळ चाललं. खिडकीतल्या एका पोरानं जांभई दिली, ती लागत लागत चौथ्या रांगेपर्यंत गेली.

"माहिती चांगली आहे हो," नळवाला म्हणाला. "बोअर मारणाऱ्याला उपयोगी पडेल."

"तुम्ही गप्प बसा!" पुढच्या रांगेतली एक नर्स उठून उभी राहिली. आता ही आपली बाजू घेणार असं वाटून अध्यक्षांनी मान हलवली. "सर, मी वॉर्डात आजही औषधाची गाडी शेवटच्या खाटेपासून सुरू करते. नव्या मुलींना वाटतं हॉस्पिटलचा नियम आहे. तो त्या विहिरीवरच्या मुलीचा नियम आहे. आणि तुम्ही म्हणताय ती मुलगीच खोटी?"

"खोटी म्हणजे लेखकाची नाही."

"मग कुणाची?"

"तेच तर कळत नाही ना!" अध्यक्षांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "मला काय आनंद होतोय का? मी स्वतः माझ्या वर्गाला ती पानं वाचून दाखवलीत. दरवर्षी. पण पुस्तकावर नाव कुणाचं आहे? उद्या मी तुमच्या नावावर माझी कविता छापली तर चालेल?"

"तुमच्या कविता कुणाच्याच नावावर नकोत सर," मागून आवाज आला.

हॉल पुन्हा हसला. पण हसून झाल्यावर सगळे पुन्हा त्या लाल रेघांकडे बघायला लागले. धाकटीसुद्धा. अध्यक्षांचं बरोबर होतं, हीच तर गोम होती. ते चुकीचे असते तर ती मनातल्या मनात भांडली तरी असती. दादानं एकदा मान वर केली, तिच्याकडे बघितलं. तिनं बारीक मान हलवली: नको.

"आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," अध्यक्ष आवरतं घेत म्हणाले. "छापताना चार पानं कुठून वेगळी येतील? हे उद्योग नंतरचे. कुणा बाइंडरनं पान हरवलं असेल, आणि हाताला लागेल ती रद्दी भरून पुस्तक शिवून दिलं असेल. तेव्हा विचारणारं कोण होतं?"

हे त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं. जुना वर्गातला आवाज. तो अण्णांच्या चांगल्या कानापर्यंत पोचला.

काठी जमिनीवर आपटली.

"रद्दी कोण म्हणालं?"

"अण्णा, बसा," धाकटी म्हणाली.

"अण्णा, बसा," स्टेजवरून दादा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की आपण सगळ्यांसमोर म्हणालो.

अण्णा बसले नाहीत. त्यांना उभं राहायला वेळ लागतो. गुडघे, मग कंबर, मग मान. तेवढा वेळ सगळा हॉल थांबला.

"पान माझ्या हातून गेलं," ते म्हणाले. "मी खळ लावून दुसरीकडे चिकटवलं. ती चूक माझी, ती घेतो. आता पुढचं ऐका. शिलाई माझी. काढून बघा, एक टाका हललेला नसेल. खिळे शेजारच्या कंपोझिटरचे, तो आता नाही. आणि मजकूर हिचा." काठीचं टोक धाकटीकडे वळलं. "पोरगी एवढीशी होती. रद्दी असती तर मी दोरा ओवला नसता."

सगळी डोकी वळली.  उठायचं धाकटीनं ठरवलं नव्हतं, पण ती उठून उभी होती.

"कंडक्टरबाई?" नर्स म्हणाली. "अहो, मी रोज तुमच्याच बसनं येते! रोज!"

"हो," धाकटी म्हणाली. "पुढे सरका म्हटलं तरी सरकत नाही तुम्ही."

हसू फुटलं, पण अर्ध्यात थांबलं. सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते अण्णांकडे वळले.

"रद्दी हा शब्द मी मागे घेतो," ते म्हणाले. "हात जोडून मागे घेतो. पण बाई, आता तुम्हीच सांगा. कव्हरवर नाव त्यांचं आहे. मी काय करू?"

धाकटीनं अण्णांकडे बघितलं. अण्णा मोकळे दिसत होते, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखे. जे जपायचं होतं ते आता जपायचं राहिलं नव्हतं. राहिली होती फक्त चार पानं.

"काढा सर," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. पुस्तक त्यांचं आहे. मी मधल्या मध्ये घुसले होते, जागा रिकामी होती म्हणून. आता खरी पानं आलीत." तिनं अण्णांना दंडाला धरून खाली बसवलं.  "इतकी वर्षं राहिली, पुष्कळ झालं."

"थांबा जरा," पाहुण्या बाई म्हणाल्या.

सकाळपासूनचा त्यांचा तो पहिला शब्द. त्या उठल्या, टेबलावरून वाचनालयाची प्रत उचलली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेपाशी आल्या. धाकटीला त्यांनी नीट निरखून बघितलं, जसं लग्नाच्या घोळक्यात हरवलेलं नातं शोधावं तसं.

"आम्ही चार भावंडं," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यात थोरली. आणि लहानपणी मला तुमचा भयंकर राग होता."

धाकटीनं स्वतःकडे बोट केलं.

"माझा?"

"तुमचं नाव माहीत नव्हतं. पण तुमचाच. बाबा आम्हाला घंटेची गोष्ट तोंडी सांगायचे. त्यात विहीर आली की ती मुलगी यायची. आणि मग घरात तोच कायदा! शेवटचा आधी. खिडकीची जागा धाकट्याला. नवं पुस्तक आधी धाकट्याला. सायकल, तीही आधी धाकट्याला. मी वाचायला शिकल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर बाबांचं पुस्तक काढून ती मुलगी शोधली. म्हटलं, बघू तरी खरंच असं लिहिलंय का. तर नाहीच! नुसता मुरूम आणि पाषाण."

नळवाल्यानं तोंडावर हात दाबला.

"मी भांडले. बाबा, तुम्ही खोटं सांगता, पुस्तकात ती नाहीये. तर हसायचे. म्हणायचे, आहे. पण एकाच प्रतीत आहे."

खिडकीतली पोरं पुढे वाकली.

"कधीतरी ते इथे भाषणाला आले होते. एका पोरानं उठून विचारलं, ती मुलगी बेटावरच का राहिली? बाबांना काही कळेना. कसली मुलगी? मग त्यांनी हीच प्रत मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. घरी येऊन आईला म्हणाले, मी विहिरीतून तिघांना चाकूनं बाहेर काढलं, आणि कुणीतरी माणसासारखं बाहेर काढलंय." बाईंनी पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "ते कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर तुम्ही ते पान काढून टाकलं असतं ना, म्हणून. सर, मी तुम्हाला खरी पानं द्यायला आले नव्हते. ही बघायला आले होते."

अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हात वर केले, पकडला गेलेला माणूस करतो तसे.

"मग आता परवानगी द्यायची ती तुम्ही," ते म्हणाले.

"दिली. पानं राहतील. माझ्या वडिलांच्या नावाखाली यांचं नाव येईल."

"खाली का?" नळवाला ओरडला. "शेवटचा आधी!"

मग जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. टाळ्या, खुर्च्यांवर थापा, खिडकीतली पोरं खाली उड्या मारून काय झालं, काय झालं म्हणून विचारतायत, नर्स डोळे पुसत शेजारणीला सांगतेय की मी रोज त्यांच्याच बसनं येते. दादा चिटणीसपद वगैरे विसरून स्टेजवरूनच ओरडत होता, "मी तेव्हाच म्हटलं होतं, बरोबर आहे! विचारा अण्णांना!"

त्या सगळ्या गलक्यात पाहुण्या बाई धाकटीच्या जवळ सरकल्या.

"आणखी एक आहे. बाबांना दुसरा भाग लिहायचा होता. तिला बेटावरून परत आणायचं होतं. दहादा बसले असतील लिहायला. दरवेळी उठायचे. म्हणायचे, ती माझी पोर नाही, तिच्या माणसांना विचारल्याशिवाय तिला हलवायची कशी?" त्यांनी पुस्तक धाकटीच्या हातात दिलं. "तर मी विचारते. हलवायची का?"

 धाकटी कुठेतरी बघत होती, हॉलच्या पलीकडे. गुडघे पोटाशी घेऊन पायरीवर बसलेली पोर अशीच बघायची, जे अजून हातात आलेलं नाही त्याच्याकडे.

"हलवायची नाही," ती म्हणाली. "ती कशाला येईल? आपण जायचं तिच्याकडे."

"मग लिहाल?"

अण्णांनी तिची बाही ओढली. "काय म्हणतायत त्या?"

धाकटी वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेली, वाकली.

"पुस्तक लिही म्हणतायत, अण्णा."

अण्णांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. उजवा हात वर केला, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात पुस्तकाच्या जाडीएवढी थोडी फट धरली, आणि डोळे बारीक करून त्या फटीतून तिच्याकडे बघितलं.

"एवढं?"

धाकटीनं त्यांची दोन बोटं आपल्या हातात धरली आणि आणखी फाकवली.